गावाचा जुना सरकारी कागद कुठे शोधायचा: कोकणातल्या नवख्यांसाठी

जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) हवा आहे, पणजोबांच्या जन्माची नोंद हवी आहे, रेल्वेत गेलेल्या जमिनीची अधिसूचना हवी आहे, किंवा वादळाच्या नुकसानभरपाईचा जीआर (शासन निर्णय) नेमका काय म्हणतो ते स्वतः वाचायचे आहे. यांपैकी काहीही असले तरी बहुतेक माणसे सुरुवात एकाच ठिकाणी करतात. तहसीलला जातात आणि खिडकीवर विचारतात, "आमच्या जमिनीचे जुने कागद मिळतील का?" पलीकडच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. त्याला गाव, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर आणि साल लागते. ते नसेल तर तो "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो, आणि गणपतीला चार दिवस आलेल्या चाकरमान्याचा तो आठवडा कधी उजाडत नाही.

आमच्या घरच्या वरकस (डोंगरउताराच्या, हलक्या) जमिनीचे कागद लावता लावता मी या वाटेला लागलो. आता वाडीतले, नात्यातले लोक कागद शोधायला निघाले की बरोबर बोलावतात. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की समजली आहे. ग्रंथालयात आणि ऑनलाइन मिळतो तो संदर्भ, म्हणजे क्रमांक आणि तारीख. कार्यालयात मिळते ती सही-शिक्क्याची नक्कल. क्रमांक आणि तारीख हातात घेऊन गेलात तर रेकॉर्ड रूममधला माणूस सरळ गठ्ठ्याकडे जातो. म्हणून आधी संदर्भ, मग कार्यालय, हा क्रम सोडू नका.

१. कागद कोणी काढला ते आधी ठरवा

सरकारी कागद विषयाप्रमाणे ठेवलेले नसतात. ज्याने काढले त्याच्याप्रमाणे ठेवलेले असतात. "आमच्या खाडीवरच्या बंधाऱ्याची माहिती" नावाची फाइल कुठेच नसते. मंजुरीचा जीआर मंत्रालयातल्या विभागाचा असतो, अंदाजपत्रक आणि बिले बांधकाम करणाऱ्या कार्यालयाची, जमीन घेतली असेल तर निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) भूसंपादन अधिकाऱ्याचा, आणि सातबारावरची नोंद तलाठ्याची. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. पाटीवर तसे लिहिलेले दिसेल.

तेव्हा स्वतःला विचारा: मला हवा तो कागद छापून सगळ्यांसाठी प्रसिद्ध झालेला आहे का (गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, जनगणना, अधिनियम), आदेश म्हणून निघालेला आहे का (जीआर, राजपत्रातली अधिसूचना), नोंदवहीतली नोंद आहे का (फेरफार, जन्म-मृत्यू, दस्त), की एखाद्या कार्यालयातली नस्ती, म्हणजे फाइल, आहे? छापलेला असेल तर ग्रंथालय. आदेश असेल तर ऑनलाइन. नोंद असेल तर त्या नोंदवहीचे कार्यालय. नस्ती असेल तर बहुतेक वेळा माहितीचा अधिकार.

२. त्या काळी तुमचे गाव कोणत्या जिल्ह्यात होते?

कोकणात हा प्रश्न टाळून चालत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला; त्याआधीचे मालवण, देवगड, कुडाळ, वेंगुर्ले यांचे कागद रत्नागिरी जिल्हा म्हणून शोधायचे. रायगडचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात होते. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत संस्थान, त्यामुळे तिथल्या गावांचे त्याआधीचे कागद इंग्रजी अमलातल्या जिल्ह्याच्या दप्तरात सापडत नाहीत, संस्थानच्या दप्तरात पाहावे लागतात. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या जंजिरा संस्थानातल्या भागाचेही तसेच.

आणखी मागे गेलात तर तालुक्यांची नावेही बदलतात. अंजनवेल आणि सुवर्णदुर्ग ही एके काळी तालुक्यांची नावे होती. जुन्या इंग्रजी कागदांत बाणकोटचा किल्ला "फोर्ट व्हिक्टोरिया" असतो आणि सुवर्णदुर्ग "सेव्हर्नड्रूग". गावाचे नाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहून शोधा.

दुसरा सापळा वाडीचा. आपण पत्ता सांगताना वाडीचे, कोंडाचे नाव सांगतो, पण दप्तर चालते महसुली गावावर. मोठ्या गावाची एखादी वाडी पुढे स्वतंत्र महसुली गाव झालेली असते, मग जुनी नोंद मूळ गावाच्या नावाखाली राहते. एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत सापडतात. "खुर्द", "बुद्रुक", "तर्फ" हे शब्द गाळू नका. कागद त्यांच्यावरूनच वेगळे होतात.

३. ग्रंथालयातून सुरुवात करा

हा टप्पा लोक ओलांडून पुढे जातात, आणि मला तर तोच सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे जुनी ग्रंथालये कमी नाहीत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. रत्नागिरीत शासकीय विभागीय ग्रंथालयही आहे. तुमच्या तालुक्यात कोणते वाचनालय जुने आहे हे माहीत नसेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांची यादी तिथे असते.

ग्रंथपालांना "गावाचा इतिहास हवा आहे" असे सांगू नका, कारण मग हातात स्थानिक लेखकाची स्मरणिका येते. तीही वाचा, पण आधी पुढील गोष्टी नावाने मागा.

जिल्हा गॅझेटिअर. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा जुना खंड १८८० चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा १८८३ चा. स्वातंत्र्यानंतरच्या सुधारित आवृत्त्या रत्नागिरीची १९६२ ची, कुलाब्याची १९६४ ची. जुन्या खंडात जमीन महसुलाचे प्रकरण आहे, त्यात खोती पद्धत (खोतामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची) कशी चालत होती ते सविस्तर येते. तुमचे गाव खोती असेल तर ते प्रकरण वाचल्याशिवाय जुना फेरफार उघडू नका. "धारेकरी", "खोती निसबत" असे शब्द समोर आल्यावर गोंधळ होणार नाही. शेवटच्या भागात गावांची, बंदरांची, किल्ल्यांची टिपणे आहेत. राज्याच्या दर्शनिका विभागाने गॅझेटिअर ऑनलाइनही ठेवली आहेत.

जनगणनेची जिल्हा पुस्तिका. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जिल्हावार पुस्तिका निघते आणि तिच्यात गावनिहाय माहिती असते: घरे, माणसे, शाळा, पाणी, रस्ता. २०११ च्या पुस्तिकेचे दोन भाग आहेत, त्यातला गावनिर्देशिकेचा भाग मागा. आपले गाव अमुक साली स्वतंत्र महसुली गाव होते का, याचा छापील पुरावा इथे मिळतो. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिका फुकट उतरवता येतात.

जमाबंदीचे जुने अहवाल. इंग्रजी अमलात तालुक्याची पाहणी करून सारा ठरवला, त्याचे अहवाल छापले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने असे बरेच जुने सरकारी ग्रंथ स्कॅन करून ऑनलाइन खुले केले आहेत. इंग्रजी जाड असले तरी शेवटची परिशिष्टे पाहा. गावांची नावे आणि आकारणी तिथे कोष्टकात असते.

मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि तिथलेच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ज्या चार ग्रंथालयांकडे जायला हव्यात, त्यांपैकी हे एक. गावी जाण्याआधी एक शनिवार इथे घालवलात तर गावातले दोन दिवस वाचतात. निघण्याआधी वेळ आणि प्रवेशाचे नियम फोन करून विचारा.

ग्रंथालयात गेल्यावर पानाचा फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, आणि मजकुराच्या आधी मुखपृष्ठ, प्रकाशनवर्ष आणि पानाचा क्रमांक टिपा. नुसत्या मजकुराचा फोटो सहा महिन्यांनी काही कामाचा राहत नाही.

४. राजपत्र कसे वाचायचे

महाराष्ट्र शासन राजपत्र आठवड्याचे असते, गुरुवार ते बुधवार, आणि तारखेबरोबर शकाची तारीख छापलेली असते. त्याचे भाग वेगवेगळे. जिल्ह्यातल्या नेमणुका, भूसंपादनाच्या सूचना अशा गोष्टींसाठी भाग एक, कोकण विभागीय पुरवणी पाहायची. नाव बदलल्याच्या जाहिराती भाग दोनमध्ये. तातडीचे असेल तर असाधारण राजपत्र, ते आठवड्याची वाट पाहत नाही. अलीकडची राजपत्रे शासन मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुनी ग्रंथालयात बांधीव खंडांत.

कोकणातल्या कित्येक घरांना दोन भूसंपादनांचे कागद लागतात. पहिले कोकण रेल्वेचे. काम १९९० मध्ये सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला, म्हणजे संपादनाच्या सूचना मुख्यतः नव्वदच्या दशकाच्या पहिल्या वर्षांतल्या. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. म्हणून "कलम ४" आणि "कलम ६" च्या अधिसूचना शोधायच्या, आणि त्यांच्यात दिलेल्या प्रकरण क्रमांकावरून निवाडा मागायचा. दुसरे मुंबई-गोवा महामार्गाचे. तिथे १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो; लोक ज्याला "थ्री-ए" आणि "थ्री-डी" म्हणतात त्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात, भाग दोन, खंड ३, उपखंड (ii) मध्ये असतात. त्यात जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र असे कोष्टक असते. जुन्या अधिसूचनांत हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ आहे, नंतर ६६. दोन्ही आकड्यांनी शोधा.

किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यांना, कोळीवाड्यातल्या लोकांना सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) अधिसूचना लागते. पहिली १९ फेब्रुवारी १९९१ ची, मग ६ जानेवारी २०११ ची, मग १८ जानेवारी २०१९ ची. प्रत्येकीतले नियम वेगळे. कोणी "सीआरझेडमध्ये असेच आहे" म्हणाले की "कोणत्या सालच्या?" हा प्रश्न लगेच विचारा, आणि नकाशा दाखवला तर तो कोणत्या अधिसूचनेखाली तयार झाला हे नकाशावरच वाचा. केंद्राच्या अधिसूचनेला हिंदीत आणि इंग्रजीत वेगळी अक्षरे असतात: "सा.का.नि." म्हणजेच इंग्रजीतले "जीएसआर", "का.आ." म्हणजे "एसओ". आकडा तोच राहतो. २०१९ ची अधिसूचना सा.का.नि. ३७(अ) आहे.

मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांत गल्लत होऊ देऊ नका. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या गावांची यादी व्हॉट्सॲपवर फिरते ना, ती ३१ जुलै २०२४ च्या मसुद्याचीही असू शकते किंवा त्याआधीच्या एखाद्या मसुद्याचीही. पहिल्या पानावर "प्रारूप" किंवा "मसुदा" हा शब्द आहे का ते आधी पाहा.

एक तांत्रिक अडचण सांगून ठेवतो. बरीच जुनी मराठी राजपत्रे आणि जीआर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. पीडीएफमध्ये गावाचे नाव टाकून शोधले आणि काही आले नाही, म्हणजे नाव नाही असे समजू नका. पाने डोळ्यांनी चाळावी लागतात.

५. जीआर शोधताना शब्द सरकारचे वापरा

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग, तारखेची मर्यादा आणि शब्द यांवरून शोधता येते. विभाग बरोबर निवडलात तर अर्धे काम होते. वादळाची मदत महसूल व वन विभागाची, बोटींचे अनुदान मत्स्यव्यवसायाचे, आंबा-काजूची लागवड कृषीची.

शब्द मात्र आपले नव्हे, त्यांचे टाका. "झाडतोड" टाकून काही येत नाही, "वृक्षतोड" टाका. "मदत" ऐवजी "नैसर्गिक आपत्ती". ३ जून २०२० च्या चक्रीवादळासाठी "निसर्ग" हा शब्द एकटा टाकलात तर पर्यटनापासून सगळे येते. "निसर्ग चक्रीवादळ" आणि जून २०२० पासूनच्या तारखा द्या. २०२१ च्या वादळाचे नाव तौक्ते, तोक्ते, ताउक्ते असे कसेही लिहिलेले असते. सरकारी शब्द सुचत नसेल तर भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश बघा.

जीआर सापडला की तीन ठिकाणी नजर टाका. वरती "वाचा" किंवा "संदर्भ" या मथळ्याखाली आधीच्या जीआरची यादी असते; मूळ योजना बहुधा त्यांतच असते. मधल्या मजकुरात "अधिक्रमित" हा शब्द आला तर आधीचा जीआर रद्द झाला असे समजा. आणि शेवटी संकेतांक असतो, तो वर्ष, महिना, दिवस अशा आकड्यांनी सुरू होतो. कोणी पाठवलेला जीआर खरा आहे का हे या संकेतांकावरून संकेतस्थळावर तपासता येते. नंतर शुद्धिपत्रक निघाले आहे का, तेही त्याच विभागात पुढच्या तारखांना शोधा.

कायदे पाहायचे तर इंडिया कोड आणि राज्याच्या विधी व न्याय विभागाचे संकेतस्थळ. जुन्या "मुंबई" नावाच्या कित्येक कायद्यांची नावे आता "महाराष्ट्र" झाली आहेत. कुळकायदा दोन्ही नावांनी शोधा.

६. जमिनीचा कागद: आजच्या सातबारापासून मागे चाला

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) फुकट पाहता येतात. हे फक्त पाहण्यासाठी. बँकेत, कोर्टात, कार्यालयात लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा उतारा. तो वेगळ्या पोर्टलवर १५ रुपये भरून निघतो. सायबर कॅफेवाल्याने फुकटचा उतारा छापून दिला आणि वरती स्वाक्षरीचा मजकूर नसेल तर तो जमा करायला नेऊ नका.

आता त्या सातबाराकडे नीट बघा. मालकांच्या नावांजवळ आणि इतर हक्कांत फेरफारांचे आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक दार. ते सगळे एका कागदावर उतरवा. मग एकेक फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नोंद, काढा. तिच्यात वारस, खरेदी, वाटप किंवा एखाद्या आदेशाचा क्रमांक व तारीख असते. त्यावरून पुढचा कागद. सगळ्यांत जुन्या फेरफारापर्यंत पोचलात की पूर्ण साखळी तुमच्या हातात असते, आणि कुठली कडी तुटली तेही दिसते.

जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन "आपले अभिलेख" या पोर्टलवर येत आहेत. तुमचा जिल्हा आणि तालुका यादीत आहे का ते पाहा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

कोकणात आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, कुळाची नोंद. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या आधी आणि नंतर इतर हक्कांत काय लिहिले होते ते बघा. त्यावरून कुळकायद्याच्या कलम ३२-ग ची (कुळाने जमीन विकत घेण्याची) कार्यवाही आणि ३२-म चे प्रमाणपत्र शोधायचे असते.

दुसरी, खोती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. खोती गावात त्याआधीच्या हक्कांसाठी बोटखत नावाची नोंद महत्त्वाची ठरते, आणि कोर्टात तिचा उल्लेख वारंवार येतो. सामाईक जमिनीचा, गावठाणालगतच्या वरकसाचा वाद असेल तर ती मागाच.

तिसरी, हद्द. क्षेत्र आणि बांध यांचे कागद तहसीलला नसतात, ते उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात असतात, लोकांच्या तोंडी मोजणी खात्यात. आकारबंद, टिपण, गुणाकार बुक, फाळणी, कमी-जास्त पत्रक अशी त्यांची नावे. रेल्वेने किंवा रस्त्याने तुकडा घेतला असेल तर क्षेत्रातला बदल दाखवणारे कमी-जास्त पत्रक हाच खरा कागद. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण पेटण्याआधी दोघांनी मिळून टिपण आणि फाळणीची नक्कल काढली तर पुष्कळ मनस्ताप वाचतो. मी तर ते मनापासून सांगेन.

खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत यांसाठी नोंदणी विभागाचा ऑनलाइन शोध आहे. मुंबईबाहेरच्या कार्यालयांचे दस्त तिथे साधारण २००२ पासूनचे मिळतात. सूची क्रमांक २ म्हणजे मिळकतीवरची सूची. त्याआधीचे दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात सूचीवरून शोधावे लागतात. साल माहीत नसेल तर फेरफारातून ते काढा.

७. जन्म, शाळा आणि जातीचे पुरावे

जात पडताळणीसाठी कोणत्या तारखेआधीचा पुरावा हवा हे प्रवर्गावर ठरते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ही तारीख आधी लिहून घ्या आणि मगच आजोबांचा कागद शोधायचा की पणजोबांचा ते ठरवा.

शाळेचे जनरल रजिस्टर पहिले. शाळेत जाऊन दाखला मागताना विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि अंदाजे साल सांगा. त्या काळी आडनाव लावलेले नसेल, तेव्हा नुसत्या नावावर आणि गावावर शोधायची तयारी ठेवा. दुसरे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. जुन्या वह्या बऱ्याचदा मोडीत असतात.

८. मोडी आणि पुराभिलेखागार

मोडी कागद हाती आला की घाबरू नका आणि घरातल्या कोणाकडून अंदाजाने वाचून घेऊ नका. लिप्यंतर जमा करायचे असेल तर ते कोणाकडून करून घेतलेले चालेल हे त्या कार्यालयात आधी विचारा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेते; घरात तरुण मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याला बसवा.

संचालनालयाचे मुंबईतले अभिलेखागार फोर्टमध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्याचे पुरालेखागार म्हणजे पेशवे दफ्तर, आणि कोल्हापुरातही एक आहे. सरदेशमुखी, इनाम, वतन यांचे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले कागद असतील तर इथेच. ओळखपत्र आणि शोधाचा विषय लिहून अर्ज करावा लागतो. साध्या सातबारासाठी इथे जाण्याचे काही कारण नाही.

९. बाकी सगळे खुंटले तर माहितीचा अधिकार

संदर्भ नसताना माहितीचा अर्ज करू नका. क्रमांक आणि तारीख घालून केलेला अर्ज सरळ नस्तीकडे जातो. राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज देता येतो, राज्याचे ऑनलाइन पोर्टलही आहे. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत मजकूर, असा महाराष्ट्राचा नियम आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. प्रतीला पानामागे २ रुपये.

"का केले नाही?" असे विचारू नका. "अमुक आदेशाची प्रत द्या" असे मागा. मोठी नस्ती असेल तर आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो. मग हवी तीच पाने निवडून प्रती घ्या.

३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. तेही फसले तर ९० दिवसांत दुसरे अपील माहिती आयोगाकडे. आपल्याकडच्या जिल्ह्यांसाठी कोकण खंडपीठ नवी मुंबईत आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तेव्हा नकार ऐकून परत फिरू नका, पोच घ्या.

"अभिलेख आढळून येत नाही" असे उत्तर आले तर पुढचा अर्ज वेगळा करा: नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीची प्रत मागा. कायम जपायचे कागद "अ" वर्गात असतात आणि ते नष्ट करता येत नाहीत. नोंदवहीत नाव नसेल तर कागद असायला हवा, हे तुम्ही अपिलात मांडू शकता.

१०. जाताना बरोबर काय न्याल

आधार किंवा दुसरे ओळखपत्र आणि त्याच्या झेरॉक्स. आजचा सातबारा आणि आठ-अ. फेरफार क्रमांकांची यादी. वारस म्हणून मागत असाल तर मृत्यूचा दाखला आणि वंशावळ. दुसऱ्यासाठी जात असाल तर त्याचे सहीचे अधिकारपत्र. कोरे कागद, कोर्ट फी स्टॅम्प, सुटे पैसे. गणपती, शिमगा आणि मार्चअखेर टाळा. त्या दिवसांत रेकॉर्ड रूमचा माणूस जागेवर मिळणे कठीण. पावसाळ्यात निघण्याआधी फोन करा, घाट आणि रेल्वे दोन्ही बंद पडू शकतात.

"माझी आत ओळख आहे, काढून देतो" म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका. नकलेची फी पावतीवर भरा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सरकारी नावाशी मिळतीजुळती खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" किंवा "निक डॉट इन" आहे का ते पाहून मगच पैसे भरा.

मिळालेले कागद जपण्याचे काम आपल्या हवेत सोपे नाही. चिपळूणने २००५ चा आणि २०२१ चा पूर पाहिला आहे, आणि पूर नसला तरी वाळवी आणि ओल असतेच. नक्कल हाती आली की त्याच दिवशी स्कॅन करा, फाइलला गाव, सर्व्हे नंबर, कागदाचे नाव आणि साल असे नाव द्या, आणि एक प्रत मुंबईतल्या घरी पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकलेले कागद आत घाम धरतात. कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, लाकडी पेटीत ठेवा, आणि उन्हाळ्यात एकदा उघडून वारा द्या. नकलेच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोणत्या कार्यालयातून, कोणत्या तारखेला, कोणत्या अर्जावर मिळाली.